एक माप कमी

"हात सैल सोड," आई म्हणाली.

माझ्या मते मी तो सोडलाच होता. तिने माझा डावा हात आपल्या मांडीवर ओढला, अंगठ्याचं मूळ तळव्यात दाबलं, चारही बोटं एकत्र आवळली आणि त्यावर हिरवी बांगडी टेकवली. मग हाडांवरून ती अशी पुढे नेली की क्षणभर डोळ्यांसमोर अंधारी आली. बांगडी मनगटावर जाऊन बसली होती.

"वहिनी, एक माप कमी भरताय तुम्ही," विमलआत्या म्हणाली. "हिचं सव्वादोन आहे. दुखतंय तिला."

"दुखू दे. सैल चुडा खाली घसरतो, एकमेकींवर आदळतो, वाढतो. घट्ट बसला की वर्षभर बघायला नको."

आमच्या घरात बांगडी फुटली असं कुणी म्हणत नाही, वाढली म्हणतात. आम्ही कराडचे कासार. खाली दुकान, वर घर. दुकानाच्या गादीवर अण्णा बसायचे, पण गिऱ्हाईक यायचं ते आईच्या हातासाठी. आसपासच्या खेड्यांतून लोक नवऱ्या मुलींना तिच्याकडे घेऊन यायचे. लगीनसराई संपली की आई सांगायची, यंदा आपल्या हातून एकही वाढली नाही.

दुसऱ्या दिवशी माझं लग्न होतं. वरच्या खोलीत चटईवर आत्या, मामी आणि शेजारच्या दोघी बसल्या होत्या. आईच्या डोक्याला फिकट निळा रुमाल घट्ट बांधलेला. तिच्या हातून होणारं हे शेवटचं कार्य, असं तिथल्या प्रत्येकीला वाटत होतं, मलाही. आत्या मधूनच पदर डोळ्यांना लावत होती.

"विमलताई, रडायचंय तर खाली दुकानात जाऊन रडा," आई म्हणाली. "इथं काच पसरलीय."

आदल्या श्रावणात आईचं पोट फुगायला लागलं होतं. गॅस, अपचन असं म्हणत महिना गेला. मग पुण्याला नेलं, तेव्हा अंडाशयाचा कॅन्सर निघाला. तोही पसरलेला. ऑपरेशन झालं आणि दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून औषध सुरू झालं. डॉक्टरांनी अण्णांना आणि मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की औषध लागू पडलं तर चांगलंच, नाही पडलं तर वर्षभर धरून चाला. अण्णांना त्यातलं निम्मं कळलं. उरलेलं निम्मं मी त्यांना बसस्टँडवर समजावून सांगितलं.

त्याच सुमारास माझी हैदराबादच्या एका संस्थेत पीएच.डी.साठी निवड झाली होती. उसाला पाणी पाजून पाजून कृष्णाकाठच्या जमिनी खारावल्यात. अशा मातीत कोणते जीवाणू तग धरतात, तो माझा विषय होता. एम.एस्सी.ला असताना मी शेताशेतांतून मातीच्या पिशव्या घरी आणायचे, तेव्हा आई म्हणायची, "लोकांच्या पोरी सोनं आणतात घरात." आजारपणामुळे मी एक वर्ष मागून घेतलं आणि कराडच्याच कॉलेजात तासांवर शिकवायला लागले.

माघात आई मामाबरोबर तपासणीला पुण्याला गेली. परत आली ती दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. अण्णांनी विचारलं तर नुसता हात हलवायची. मग मामाने अण्णांना समोर बसवलं. म्हणाला, दाजी, घरात एक मंगलकार्य बघायची तिची इच्छा आहे. आणि उद्या काही झालंच, तर वर्षाच्या आत उरकावं लागेल, नाहीतर तीन वर्षं लग्नाचं नाव काढता येणार नाही. पोरगी आत्ताच पंचविशीची आहे.

काही झालंच तर, एवढंच तो म्हणाला. डॉक्टर नेमकं काय म्हणाले, हे अण्णांनी विचारलं नाही. मी विचारलं. "आता काय म्हणणार गं ते," असं म्हणून मामाने माझ्या डोक्यावर हात ठेवला.

त्यानंतर मी रजा काढून पुण्याला जाणं बंद झालं. मामाच तिला न्यायचा. चार दिवस ती त्याच्याकडे राहायची आणि दमलेला चेहरा घेऊन परतायची. चैत्रात मला तिच्या भुवया परत आलेल्या दिसल्या. डोक्यावर मात्र केस नव्हते. मी मामाला फोन केला, तर तो म्हणाला, औषध बदललंय. मी पुस्तकं काढून बसले. सगळ्या औषधांचा सगळ्या केसांवर सारखा परिणाम होत नाही, असं त्यांत सापडलं. शोधायला बसलं की पटण्याजोगं काहीतरी सापडतंच.

चैत्र संपता संपता साखरपुडा झाला. मुलगा साताऱ्याचा, श्रीरंग अंदुरे, सहकारी बँकेत अधिकारी. आम्हाला गच्चीत दहा-पंधरा मिनिटं बोलायला दिलं होतं. मी हैदराबादचं सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं. म्हणाला, "खरं सांगू का, माझी थांबायची तयारी आहे. दोन वर्षंही थांबलो असतो. पण तुमच्या आईंकडे बघून कसं म्हणायचं तसं?" त्याचं म्हणणं मला रास्त वाटलं. माणूसही वाईट वाटला नाही.

हैदराबादच्या सरांना मी फोनवर नाही म्हणून कळवलं. ते म्हणाले, जूनअखेरपर्यंत ही जागा मी दुसऱ्या कुणाला देत नाही, काही बदललं तर सांग. बदलण्यासारखं काय होतं, ते आम्हा दोघांनाही बोलून दाखवता आलं नाही.

लग्नाला जूनच्या शेवटच्या आठवड्यातला मुहूर्त मिळाला. आषाढीआधीचा तोच शेवटचा होता.

"करंगळी ताठ धरलीयस," आई म्हणाली. "सोड ती."

मी माझ्या हाताकडे बघितलं. तो सगळाच्या सगळा तिच्या मुठीत होता, करंगळी तिच्या तळव्याखाली दडलेली. ती ताठ आहे हे बघून कळण्यासारखं नव्हतं.

पुण्याच्या औषधाने तिच्या बोटांतली जाणीव गेली होती. मार्गशीर्षात तिने उकळत्या चहाचं फुलपात्र धरलं आणि तसंच धरून उभी राहिली. बोटांवर फोड आले तेव्हा आम्हाला कळलं. तिच्या ब्लाउजचे हूक मी लावायचे. एकदा हट्टाने दुकानात बसून तिने एका शाळकरी मुलीच्या हातात बांगडी भरायला घेतली. बांगडी हातातच वाढली, काच मुलीला लागली, रक्त आलं आणि ते आईला मुलीची आई ओरडल्यावर समजलं. त्या दिवसापासून ती जिना उतरून दुकानात गेली नव्हती. मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, औषध थांबलं की काही महिन्यांनी जाणीव परतू लागते. औषध चालू असेपर्यंत मात्र बधिरपणा वाढतच जातो.

मी करंगळी सोडली. बांगडी सरकली. आईने दोऱ्यातली पुढची काढली, कडेवरून बोटाचं टोक फिरवलं आणि ती बाजूला ठेवली. "हिला चीर आहे."

मी ती उचलून खिडकीकडे धरली. उन्हात दोन-तीनदा फिरवल्यावर मला ती चीर दिसली, केसाएवढी.

मी सगळ्यांना म्हटलं, तुम्ही चहा घेऊन या, आम्ही बसतो जरा. आत्या लगेच उठली. "चला गं, मायलेकींना बोलू दे," म्हणाली आणि पुन्हा पदर डोळ्यांना लावला. मामी मात्र उठताना आईकडे बघत राहिली. आईने मानेनेच तिला जायला सांगितलं.

दार लागलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

आईने माझा उजवा हात ओढून घेतला. "काय कधीपासून?"

"तुझं औषध कधी थांबलं?"

ती अंगठ्याचं मूळ दाबत होती. खोटं बोलेल असं मला वाटलं होतं. ती खोटं बोलली नाही.

"माघात."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"काही दिसत नाही म्हणाले. फोटोत नाही, रक्तात नाही. आता दर तीन महिन्यांनी फक्त दाखवायला यायचं. पेढे आणा म्हणाले." बांगडी हाडावर अडली. तिने हात किंचित फिरवला आणि ती पार केली. "मामाने दिले त्यांना पेढे."

"मग केस?"

"तुझ्या मामीकडे मशीन आहे. तिकडे गेले की फिरवून घेते."

"आणि पुण्यात चार-चार दिवस काय करत होतीस?"

"तुझा शालू बघत होते. बस्ता म्हणजे काय एका दिवसाचं काम आहे?"

ती हे चेष्टेने म्हणत नव्हती. तिने पुढची बांगडी घेतली. मी हात ओढून घ्यायचा प्रयत्न केला, पण हात तिच्या मुठीत होता आणि तिची पकड आता पहिल्यासारखी झाली होती.

"अण्णांना सांगितलं नाहीस?"

"त्यांच्या पोटात काय राहतं? दुपारपर्यंत गावाला कळलं असतं."

"ते रोज देवापुढे रडतात, आई."

"रडू देत. एकवीस वर्षं मी सांगत होते, दुकानाला मागं खिडकी पाडा, जीव गुदमरतो. कॅन्सर झाला आणि पाडली. आजारी होते म्हणून या घरात माझा शब्द चालला. तूही ऐकलंस. नाहीतर गेली असतीस हैदराबादला मातीत हात घालायला, पाच वर्षांनी तिशी ओलांडून आली असतीस आणि मी दारोदार फिरले असते. माझं पुढं काय होईल ते कुणाला ठाऊक? आज दिसत नाही म्हणाले, उद्या दिसतंय म्हणतील. मिळालेत तेवढ्या दिवसांत मी माझं काम करून घेतलं."

"मी आत्ता खाली जाऊन सांगते सगळ्यांना."

"सांग की."

तिने शेवटची बांगडी भरली, दोन्ही हात शेजारी ठेवून बघितले आणि हळदकुंकवाचं बोट बांगड्यांना लावलं. मग पहिल्यांदा तिने माझ्या तोंडाकडे बघितलं.

"मी बघत होते," ती म्हणाली. "चार महिने मनात होतं, की हिला कळेल तेव्हा ही आधी काय करेल. माझ्या गळ्यात पडेल का? आई, तू वाचलीस, म्हणेल का? तू 'कधीपासून' विचारलंस."

मी बांगड्यांना लागलेल्या कुंकवाकडे बघत राहिले.

"तसं म्हणाली असतीस ना, तर मीच मोडलं असतं लग्न. आत्ताच्या आत्ता." तिने उरलेल्या बांगड्या दोऱ्यात ओवल्या. "आता हात वर धरून बस थोडा वेळ. सूज उतरेल."

ती ते खरं बोलत होती की नाही, हे तेव्हा मला ठरवता आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

मी हात वर धरून बसले आणि विचार केला. मला तो सरळ वाटला. लग्नाची घाई आईच्या आजारामुळे होती. आजार गेला की घाई जाते. श्रीरंग स्वतःच्या तोंडाने म्हणाला होता, थांबलो असतो. तर मग आईची फसवणूक काढायची गरजच नव्हती. फक्त बातमी सांगायची, चांगली बातमी, सगळ्यांसमोर. त्यावर कोण रागावणार? आणि लोक आनंदात असतानाच म्हणायचं, आता तुळशीच्या लग्नानंतर करू, मी तोवर हैदराबादला रुजू होऊन येते. आईला ती बातमी नाकारता येणार नव्हती. मी बरी नाही, असं ती कोणत्या तोंडाने म्हणणार होती?

संध्याकाळी कार्यालयात सीमांतपूजन होतं. साताऱ्याची मंडळी दोन गाड्यांतून आली. श्रीरंग जाकीट घालून पाटावर बसला. अण्णांनी त्याचे पाय धुतले, टिळा लावला. त्यानंतर आईने विहिणीचे पाय धुवायचे होते. त्यासाठी तांब्या, परात, नवा टॉवेल मांडून ठेवला होता. आई एका बाजूला उशी लावलेल्या खुर्चीत बसली होती. ती खुर्चीच्या हातावर जोर देऊन हळूहळू उठू लागली, तेव्हा श्रीरंगची आई पुढे धावली.

"नको, नको, विहीणबाई. तुम्ही वाकू नका. तुम्ही इथं आहात हेच आम्हाला पोचलं."

बायका गहिवरल्या. आत्याने आईच्या पाठीला हात लावला.

"ती वाकू शकते," मी म्हणाले.

माझा आवाज मोठा नव्हता, पण नवरी बोलली म्हणून सगळे थांबले.

"आई बरी झाली आहे. डॉक्टरांनी सांगितलंय. तपासणीत कुठेच काही दिसत नाही. औषधही बंद केलंय."

कुणाला आधी समजलंच नाही. मग अण्णा खुर्चीपाशी गेले आणि आईसमोर जमिनीवर बसले. "खरं?" एवढंच म्हणाले. आईने मान हलवली. अण्णा तिच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून रडायला लागले. आवाज करून रडत होते. इतक्या माणसांत त्यांना असं मी कधी पाहिलं नव्हतं. शेजारच्या बायका रडत होत्या, हसत होत्या. मामा खांबाला टेकून चपलांकडे बघत होता.

मी पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडलं.

"पायगुण!" श्रीरंगची आई म्हणाली. तिने दोन्ही हात जोडले होते. "माझ्या श्रीरंगचा पायगुण. काय सांगू तुम्हाला, हा जन्मला त्या आठवड्यात ह्याचे आजोबा अंथरुणातून उठून बसले होते. सोयरीक जुळली आणि यांचा आजार पळाला."

"अगदी खरं," आत्या म्हणाली. "साखरपुड्याला जावईबापू वहिनींच्या पाया पडले, तिथूनच वहिनींच्या तोंडावर तेज आलं. मी म्हटलंसुद्धा होतं."

अण्णा उठले. त्यांनी श्रीरंगचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले. श्रीरंग गोंधळला, "अहो, काय करताय," म्हणाला. मग त्याने एकदा आईकडे बघितलं, एकदा रडणाऱ्या अण्णांकडे, आणि जाकीट खाली ओढून नीट केलं. पाटावर तो ताठ बसला. आपल्यामुळे एक माणूस जगलं, असं त्या क्षणी त्याला वाटू लागलं होतं, आणि ते त्याच्या चेहऱ्याला शोभत होतं. हा माणूस आता थांबणार नाही, हे मला त्या जाकिटावरून कळलं.

कारण आणि परिणाम यांची जागा माझ्या डोळ्यांदेखत बदलली होती. लग्न ठरलं म्हणून आई बरी झाली होती. ते पुढे ढकलणं म्हणजे काय, हे आता तिथल्या कुणालाही समजावून सांगायची गरज नव्हती.

एक गोष्ट तरीही उरली होती. आजार माघात गेला होता आणि सोयरीक चैत्रातली. एवढं एक वाक्य पुरलं असतं.

"पण कळलं कधी?" श्रीरंगची आई विचारत होती. "कधी सांगितलं डॉक्टरांनी?"

आईने रुमाल नीट केला आणि माझ्याकडे हात केला.

"शलाकाला विचारा. तिला तारखांचं बरोबर कळतं."

सगळे माझ्याकडे वळले. अण्णाही वळले. त्यांचा चष्मा ओला झाला होता, तो त्यांनी काढून हातात धरला होता. चष्म्याशिवाय त्यांचा चेहरा लहान दिसायचा. चार महिने ते पहाटे देवापुढे बसत होते, आणि चार महिने ती पलीकडच्या खोलीत ते ऐकत होती. माघ म्हटलं असतं तर लग्न कदाचित मोडलं असतं. अण्णांना मात्र पुढची सगळी वर्षं त्याच घरात, तिच्यासोबत काढायची होती.

आई शांतपणे बसली होती. मी काय म्हणणार, हे तिला माहीत होतं. माझ्या करंगळीसारखंच.

"आज," मी म्हणाले. "दुपारी फोन आला."

"बघा!" श्रीरंगची आई म्हणाली. "उद्या अक्षता, आणि आज फोन."

आई उठली, या खेपेला कशाचाही आधार न घेता. ती परातीपाशी खाली बसली, विहिणीचे दोन्ही पाय धुतले, टॉवेलने बोटांच्या बेचक्यांपर्यंत पुसले, हळदकुंकू लावलं. उभी राहिली तेव्हा कुणीतरी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारून जाताना तिने बोटांच्या टोकांनी माझं मनगट चाचपून बघितलं.

"उतरली की सूज," म्हणाली.

जून संपला. सरांना मी पुन्हा फोन केला नाही.

माझा चुडा वर्षभर टिकला. त्यातली एकही वाढली नाही. घट्ट बांगड्या आदळत नाहीत, हे आईचं म्हणणं बरोबर होतं. आता मी साताऱ्यात ज्युनिअर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते. आई तपासणीहून आली की अण्णा पेढ्यांचा पुडा घेऊन एसटीने साताऱ्याला यायचे आणि तो जावयाच्या हातात द्यायचे. नऊ वर्षं त्यांनी एकही खेप चुकवली नाही. शेवटी त्यांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा ते म्हणाले, जावयांना बोलवा. श्रीरंग तसाच उठून कराडला गेला. त्यांचा हात धरून बसला होता. तेव्हा पायगुण चालला नाही. श्रीरंगला ते फार लागलं, अजून लागतं.

आई ठीक आहे. केस पुष्कळ आहेत, पांढरे झालेत. रविवारी दुकानात बसते. तपासणी आता वर्षातून एकदाच असते. ती झाली की ती आधी श्रीरंगला फोन करते, मग म्हणते, शलाकाला दे.

"काही दिसत नाही म्हणाले," ती मला सांगते.

"छान," मी म्हणते.

मग मी काय विचारते, याची ती वाट बघत असते. मला पलीकडून तिचा श्वास ऐकू येतो.

"जेवलीस का?" मी विचारते.